विहीणबाईंसारखा फोन

माझा नातू नेवाशात जन्मला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती पुण्याहून सातव्या महिन्यातच आमच्याकडे आली होती. शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली आणि त्याच आठवड्यात बाळ झालं. मी इथल्याच एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. एवढ्या वर्षांत सुटी अशी नेमकी कधी उपयोगी पडली नव्हती. पाय पसरून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं आणि तेल-डाळीचं पीठ लावून अंघोळ घालायची. सुटी संपल्यावरही सकाळची अंघोळ मीच घालून शाळेत जायचे. तीन महिने झाले, जावई गाडी घेऊन आले आणि बाळ-बाळंतीण पुण्याला गेली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या मधल्या खोलीला वेखंडाचा वास येत राहिला.

पुण्याला लेकीच्या घरी तिच्या सासूबाई आहेत. त्या बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या. उंच, नीटनेटक्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. लेक ऑफिसला जाऊ लागल्यावर बाळाचं सगळं त्यांनीच अंगावर घेतलं. आमच्या विहीणबाईंमध्ये नाव ठेवायला जागा नाही, आणि माझी खरी पंचाईत तीच होती. त्या खडूस असत्या, लेकीला बोलत असत्या, तर मला चार लोकांत तरी बोलता आलं असतं. त्या चांगल्या होत्या आणि माझा नातू रोज त्यांच्या मांडीवर होता. त्यामुळे जे काही जळत होतं ते आतल्या आतच.

पण हे नीट कळलं ते उष्टावणाच्या दिवशी. दिवाळीची सुटी होती, आम्ही दोघं पुण्याला गेलो होतो. चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या ओठांना लावली, त्याने तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. विहीणबाईंच्या हातात आयफोन होता. निवृत्त झाल्या तेव्हा मुलाने दिलेला. त्या घरात सगळ्यांकडे तोच. कार्यक्रम आटोपल्यावर विहीणबाई आणि माझी लेक सोफ्यावर शेजारी बसल्या, दोघींनी आपापल्या फोनची वरची कड एकमेकींना टेकवल्यासारखी केली आणि बघता बघता सगळे फोटो इकडून तिकडे गेले. दोघींची डोकी एकमेकींना लागलेली. मायलेकी बसतात तशा बसल्या होत्या.

मी माझा फोन पुढे केला. म्हटलं, “मलाही दे गं.”

“आई, तुझा अँड्रॉइड आहे ना,” लेक म्हणाली. “त्यावर असे नाही येत. तुला मी नंतर टाकते.”

“तुम्हीही हाच घ्या ना, विहीणबाई,” तिच्या सासूबाई म्हणाल्या. “सोपा असतो. आणि आमचा घरातल्यांचा एक अल्बम आहे, बाळाचे सगळे फोटो त्यातच जातात. रोज बघायला मिळतील तुम्हाला.”

घरातल्यांचा. त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं, आणि माझ्या मनात एवढा एकच शब्द अडकून बसला.

त्यांनी मला दाखवायला फोन उघडला, तेव्हा पडद्यावर बाळाचा फोटो होता. अंगावर पिवळी कुंची. ती कुंची मी शिवली होती, माझ्याच एका जुन्या मऊ साडीची. तो फोटो मात्र मी कधीच पाहिला नव्हता. ऊन खिडकीतून बाळाच्या गालावर आलं होतं आणि तो कुणाकडे तरी बघून हसत होता. ज्यांच्याकडे बघून हसत होता त्या फोन हातात धरून माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

निघायच्या वेळी माझा फोन सापडेना. पिशव्या उपसून झाल्या. शेवटी मीच लेकीचा फोन घेतला आणि माझा नंबर लावला. पडद्यावर नाव आलं, “आई नेवासा”. फोन दिवाणाच्या उशीखाली वाजला, सापडला. सासूला लेक आईच म्हणते, हे मला माहीत होतं. हल्ली सगळ्याच मुली म्हणतात. पण तिच्या फोनमध्ये नुसती “आई” दुसरी आहे आणि मला गावाचं नाव लावावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एसटीत मी फोन पिशवीतून काढत होते, परत ठेवत होते. आमचे हे साखर कारखान्यात टाइमकीपर आहेत, माणसं कधी आली कधी गेली याच्यावर त्यांची बारीक नजर. शिरूर मागे पडल्यावर म्हणाले, “काय झालं?”

“काही नाही. मला नवीन फोन घ्यायचाय.”

“घे की. ह्याचं काय बिघडलंय पन?”

“काही नाही.”

“मंग?”

मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

लेक फोटो टाकायची, नाही असं नाही. आठवड्याने चार-पाच यायचे, तेही पुसटलेले, पाण्यातून बघितल्यासारखे. “आई, कामात राहूनच गेलं” असं खाली लिहिलेलं. ती खरंच कामात असायची. पण बारा वाजता शाळेत मुलं खिचडीला बसली की माझ्या मनात यायचं, आता पुण्यात बाळाला भरवत असतील, आणि त्याचा फोटो निघत असेल, आणि तो फोटो माझ्या लेकीला दिसत असेल, जावयाला दिसत असेल, लेकीच्या नाशिकच्या नणंदेलासुद्धा दिसत असेल. त्या अल्बमात सगळे होते. बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालणारी तेवढी नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास जुन्या फोनने स्वतःहूनच निकाल लावला. त्याची बॅटरी आतून फुगली आणि मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं. हे म्हणाले, “हा आता जवळ ठेवायचा न्हाई, पेटायचा एखांद्या दिवशी.” शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी आम्ही दोघं नगरला गेलो. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या तोंडात अजून नगरच.

दुकानदार मध्यम वयाचा, बोलायला शांत. त्याने आधी विचारलं, “मॅडम, कशासाठी लागतो फोन?”

“शाळेच्या कामाला,” मी म्हटलं. “आणि फोटोला.”

“नातवंड?”

“हो.”

त्याने काउंटरवर दोन फोन शेजारी ठेवले. एक अँड्रॉइड, एक आयफोन. म्हणाला, “घाई करू नका. दोन्ही हाताळून बघा.”

अँड्रॉइड हातात घेतला तर घरातल्या घरात फिरल्यासारखं वाटलं. मराठी टाइप करायची पट्टी ओळखीची. जुन्या फोनमधलं सगळं जसंच्या तसं यात येईल, असं तो म्हणाला. जागा भरपूर, किंमतही बेताची. आयफोन हातात घेतला तर दोनच मिनिटांत मी कुठेतरी आत जाऊन अडकले.

“मागे कसं जायचं?” मी विचारलं.

“यात मागे जायचं बटण नसतं, मॅडम. कडेवरून बोट सरकवायचं. होते सवय.”

मी बोट सरकवलं, तर भलतंच काही उघडलं.

मग मी हळूच मुद्द्याचं विचारलं. लेकीकडे आयफोन आहे, त्यांचा अल्बम आहे, तो अँड्रॉइडवर दिसेल का.

“दिसेल ना,” तो म्हणाला. “त्यांनी लिंक पाठवली की बघता येतो. फक्त तुम्हाला त्यात फोटो टाकता येणार नाहीत, खाली काही लिहिता येणार नाही. नुसतं बघायचं.”

दुसरा एखादा दुकानदार महागाची वस्तू गळ्यात मारायला टपलेला असतो. हा म्हणाला, “खरं सांगू? तुमच्या हाताला अँड्रॉइडची सवय आहे. काम त्यानेच सोपं होईल.”

हे स्टुलावर बसून चहा पीत होते. म्हणाले, “बरोबर बोलत्यात ते. दिसल्याशी मतलब.”

मलाही पटलं. मी म्हटलं, “हा द्या मग. अँड्रॉइड.” दुकानदार नवीन खोका काढायला आत वळला, आणि तेवढ्यात माझ्या पर्समधला तो फुगलेला फोन वाजला. दोन्ही घरांचा मिळून एक ग्रुप आहे, सणासुदीच्या शुभेच्छांचा. त्यावर विहीणबाईंनी फोटो टाकला होता. बाळाचं उघडं तोंड, त्यात एक बोट. खाली लिहिलं होतं, “पहिला दात आला. आजीच्या बोटाला चावून दाखवला.”

आजीच्या. कुठल्या आजीच्या, हे लिहायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

दुकानदार खोका घेऊन आला. मी म्हटलं, “तो राहू द्या. दुसरा द्या.”

“दुसरा म्हंजे?” ह्यांनी कप खाली ठेवला.

“तो. विहीणबाईंसारखा.”

ह्यांनी कप पुन्हा उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “घे बाई. पन त्या फोनातून पोरगं तुझ्या बोटाला चावनार न्हाई.”

दुकानदार खाली बघून बिल करू लागला.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, “तू? आयफोन?” आणि हसली. मग तिने तासभर फोनवर बसून मला सगळं शिकवलं, कुठे दाबायचं, पासवर्ड कुठला ठेवायचा. संध्याकाळी अल्बम उघडला. देवापुढे दिवा लावायचाही राहून गेला आणि मी बघत बसले. पाच-सहा महिन्यांतलं बाळ माझ्यापुढे उलगडत गेलं. पालथं पडणारं, रांगणारं, कुकरच्या शिट्टीला दचकणारं. जवळजवळ प्रत्येक फोटो विहीणबाईंनी टाकलेला. त्यांचा हात कुठेतरी असायचाच, बांगडी, पदर, मांडी. मग मी अगदी पहिल्या फोटोपर्यंत गेले. त्यात लेक बाळाला घेऊन पुण्याच्या घराच्या उंबऱ्यावर उभी आहे आणि कुणीतरी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतंय. अल्बम तिथून सुरू होत होता. त्याच्याआधीचे तीन महिने, माझे तीन महिने, त्यात नव्हतेच.

मला वाटलं होतं, फोन घेतला की हे थांबेल. ते वाढलं. आधी मला नुसता अंदाज होता, आता रोज सकाळी पुरावा येऊ लागला. बाळ कुणाच्या कडेवर झोपलं, कुणी भरवलं, कुणाच्या हाताने टाळ्या वाजवायला शिकलं. मी जुन्या फोनमधून वाचलेले थोडेसे फोटो शोधले. बरेचसे शाळेच्या फोटोंना जागा करायला पुसले गेले होते. एक अंघोळीचा, एक शेगडीजवळचा, एक ह्यांच्या छातीवर पालथा झोपलेला. ते अल्बमात टाकले. थोड्या वेळाने खाली विहीणबाईंचं आलं, “किती गोड. हे आम्ही पाहिलेच नव्हते.” ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी पाहिलेलं नाही असं काहीतरी माझ्याकडे होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक फोटोखाली लिहायला लागले. टोपी घाला, वारा आहे. केळं रात्री नको. त्याला डाव्या कुशीवर झोप लागते. विहीणबाई प्रत्येक वेळी “हो” लिहायच्या, पुढे एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याचाही मला राग यायचा. हे एकदा म्हणाले, “तू हितं बसून पुन्यातल्या पोराला टोप्या घालती व्हय.” मी फोन उलटा ठेवला आणि भाजी चिरायला गेले.

मे महिन्यात विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून त्या नाशिकला आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. लेकीचा फोन आला. “आई, तुझी सुटी आहे ना? येशील?” मी बॅग भरेपर्यंत हे एसटीचं वेळापत्रक बघून आले.

पुण्याच्या घरात मी पहिल्यांदा अशी राहिले, पाहुणी म्हणून नाही. लेक आणि जावई ऑफिसला गेले की घर माझं आणि बाळाचं. त्याने पहिल्या दिवशी मला ओळखलं नाही, दाराकडे बघून रडला. दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याला हात घातला. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून पोटभर जेवला. आणि या सगळ्याचा मी एकही फोटो काढला नाही. फोन टेबलावर पडून होता. दुपारी त्याच्यावर विहीणबाईंचा निरोप आला, “आज फोटो नाहीत का?” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “बाळ बरं आहे ना?” मी लिहिलं, “छान आहे.” तेवढंच. त्यांना तिकडे पलंगावर पाय उशीवर ठेवून फोनकडे बघत बसावं लागतंय, या विचाराने मला बरं वाटत होतं. बाळाला माझ्यापुरतंच ठेवायचं होतं मला.

मग एका दुपारी तो चालला. दिवाणाला धरून उभा होता, मी खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. त्याने हात सोडला, जागच्या जागी डुलला, आणि एकामागून एक पावलं टाकत माझ्या खांद्यावर येऊन आदळला. त्याचा श्वास माझ्या मानेवर. मला रडू आलं. मी फोन आणला आणि त्याला पुन्हा दिवाणाशी उभं केलं. तो पुन्हा चालत आला, आणि या वेळी ते फोनमध्ये आलं.

ते लगेच अल्बमात टाकलं असतं, तर लेकीने ऑफिसात बसून पाहिलं असतं आणि विहीणबाईंनी नाशिकला. मी थांबले. लेकीने आधी आपल्या डोळ्यांनी बघावं, असं स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. संध्याकाळी ती दारात चपला काढत असताना मी बाळाला भिंतीशी उभं केलं. तो तिच्याकडे चालत गेला. तिने हातातली पर्स तिथेच टाकली आणि खाली बसली. दोघींनी मिळून त्याला घरभर चालवलं. मग तीच म्हणाली, “आई, तू व्हिडिओ काढलास का? टाक ना अल्बमात. आईंना बघू दे.”

माझ्यासमोर ती सासूबद्दल “आईला” म्हणाली नाही, “आईंना” म्हणाली. एवढ्यानेही माझं मन जरा सैल झालं. मी व्हिडिओ टाकला.

खाली लगेच काही आलं नाही. जावयाचं आलं, नणंदेचं आलं. जेवणं झाल्यावर विहीणबाईंचं आलं. या वेळी हसरा चेहरा नव्हता. “माझ्या घरात चालला आणि मीच तिथे नव्हते,” एवढंच लिहिलं होतं.

मी ते ओट्याशी उभी राहून वाचलं. ते वाक्य मला ओळखीचं होतं. त्यातला घर हा शब्द सोडला, तर वर्षभर मी रात्रंदिवस तेच म्हणत होते, फक्त कुणाला लिहून पाठवलं नव्हतं. मला त्यांची दया आली असं नाही. पण एवढी शांत, नीटनेटकी बाई आतून माझ्यासारखीच आहे, हे कळल्यावर त्यांच्याविषयीची भीती गेली. राग धरायचा तर भीती थोडी लागतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक ऑफिसला गेल्यावर मी स्वतःहून विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. आजवर मी त्यांना कधी एकटीने फोन केला नव्हता. त्यांनी उचलला तेव्हा केस विंचरलेले नव्हते, चेहरा उतरलेला होता. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

“बाळाला बघायचंय ना,” मी म्हटलं. “थांबा. आपण त्याला तुमच्याकडे चालवू.”

पाण्याच्या तांब्याला टेकवून मी फोन जमिनीवर उभा केला. त्याच्या मागे मी बसले. बाळाला समोर दिवाणाशी उभं केलं. विहीणबाई फोनमधून हाका मारू लागल्या, “ये रे सोन्या, इकडे ये, आजीकडे ये.” मीही मागून हात पुढे केले. मी हाक मारली नाही, पण हात पुढे केले.

तो निघाला. फोनकडे बघत होता की माझ्याकडे, ते मला कळेना. विहीणबाई “आला, आला” म्हणत होत्या. मध्यावर येऊन तो थांबला, दोघींकडे बघितलं, आणि वळून दाराकडे गेला. तिथे बसकण मारून त्याने एक चप्पल उचलली आणि तोंडात घातली.

मी धावत जाऊन ती काढून घेतली. फोनमधून त्या हसत होत्या; गुडघा दुखतो म्हणून मध्येच “आई गं” करत हसत होत्या. मलाही हसू आवरेना. बाळ चपलेसाठी हात ताणून रडत होतं.

“कुणाची चप्पल होती?” हसणं थांबल्यावर विहीणबाईंनी विचारलं.

“माझी,” मी म्हटलं.

त्यांनी विस्कटलेले केस कानामागे सारले. मग म्हणाल्या, “असू दे. माझ्या चपला आत कपाटात आहेत म्हणून.”